निखाऱ्याच्या हाताची हकिकत

श्री अग्निनारायण, जे थोरांच्या महाली आणि लहानांच्या झोपडीत एकाच तेजे वसतात, त्यांस दंडवत. शके नऊशे नव्याण्णव, पिंगलनाम संवत्सरे, पौष वद्य पंचमीचे वर्तमान ऐसे जे, एक दौलत होती, तेथे गादी बायकांची. आईमागे लेकीने बसावे ऐसा शिरस्ता. गडावर थोर मंडळी, पायथ्यास धाकटी. आणि पायथ्याच्या लेकींचे तळहाती जन्मतःच निखारा असे. त्यांस पोळत नसे. हे आम्ही डोळां पाहिले, ज्यास संशय त्याने पुढे वाचू नये. चाळीस पोरींनी नित्य प्रातःकाळी नऊशे पायऱ्या चढोन गडाच्या चुली पेटवाव्या; तो विस्तव चार घटका टिके, मग राख. आणि उतरोन आपले घरी गार खावे, कारण पायथ्यास चूल पेटवू नये ऐसा हुकूम.

मग गोजरा नामे सोळा वर्षांची पोर, तिची माता ठकूबाई थंडीतापाने निजली, म्हणोन पोरीने पेज शिजविली. धूर गडावरोन दिसला आणि शिपायांनी तीस सदरेस आणिले. राणी कमळजाबाईसाहेब पुसत्या जाहल्या, "काय गे, हुकूम ठाऊक नव्हता?" पोर बोलली, "ठावं हुता, बाईसाब. पर आय कापत हुती. तुमची आय कापाया लागली, तर तुम्ही हुकूम वाचत बसाल व्हय?" बाईसाहेब कोपल्या आणि आज्ञा केली की, हिचा हात हिमकुंडात बुडवोन निखारा कायमचा विझवावा. चिटणीस भिकोपंतांनी हुकूम लिहिला. परंतु लाखेची मोहोर उठल्यावाचोन हुकूम चालत नसे, आणि लाख वितळण्यास विस्तव पाहिजे, आणि चुली तो विझलेल्या. गोजरा हसली, "माझाच इस्तू देऊ का, पंत?" पंत म्हणाले, "गप्प बैस, भवाने!" मग गोजरेस कोठडीत घालोन बाकी एकुणचाळीस पोरी बोलाविल्या. त्यांनी ओळीने येऊन मुठी मिटल्या. शिपायांनी बोटे उघडू पाहिली, तो तिघांच्या मिशा जळाल्या. मग पोरी पायथ्यास उतरल्या आणि ठकूबाईंची पेज पाळीपाळीने शिजवू लागल्या. तेथे मुठी आपसूक उघडत.

गडावर तीन दिवस कच्ची वांगी आणि भिजले पोहे. सरसेनापतींस गार पाण्याचे स्नान घडले, ती आरोळी तीन कोस ऐकिली. चौथे दिवशी बाईसाहेबांची सात वर्षांची लेक गारठोन निळी पडली, आणि बाईसाहेब तीस उराशी धरोन अनवाणी गोजरेच्या कोठडीत आल्या. गोजरेने लेकरू पाहिले आणि मूठ उघडली. "आणा इकडं. किती गार पडलंय!" लेकरू उबेस आले, रडू लागले, तोच भिकोपंत लाखेची कांडी घेऊन धावले, "बाईसाहेब, विस्तव आहे! मोहोर उठवावी!"

गोजरेने हात मागे घेतला नाही; लेकरू अजून कापत होते.

बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, लाख राहू द्या. कागद द्या." आणि तो हुकूम स्वहस्ते निखाऱ्यावर धरिला.

सारांश, जिचा निखारा तिची चूल आधी, ऐसा दुसरा हुकूम जाहला. त्याचे मोहोरेस विस्तव मागावयाची बाईसाहेबांस लाज वाटली. म्हणोन तो बिनमोहोरेचाच अद्याप चालतो आहे.