आयुबमियांचा दुसरा गिअर

सकाळी नऊ वाजता आयुबमियांनी दुसरा गिअर टाकला, गाडी करकरली आणि समोरच्या कट्ट्यावर दाढी करत बसलेल्या कल्याणप्पांच्या मिशीचं एक टोक गेलं.

"आयुबभाई, गाडी हाय का पिठाची गिरणी?" त्यांनी आरशातूनच विचारलं.

एकतीस वर्षं आयुबमियांनी कळंब डेपोची एसटी हाकली. पहिल्या बाकावर ठेवलेला भरला तांब्या हिंदकळायचा नाही. ओवी म्हणता म्हणता बाई श्वास घेते आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, तसा त्यांचा गिअर पडायचा. म्हणून तर कल्याणप्पांनी शब्द टाकला होता, की रविवारी आपल्या लेकीची, शिवप्रियाची पाठवणी आयुबभाईंच्याच गाडीतून, थेट अणदूरपर्यंत. निवृत्तीनंतर घेतलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीला एवढा मान, म्हणून आयुबमियांनी ती त्याच दिवशी दोनदा धुतली.

लग्नाच्या आठवड्यात, सोमवारी, हसीनाबीनं गाडीत गोधडी अंथरली. नवऱ्याच्या जुन्या खाकी गणवेशाचे तुकडे जोडून तिनं ती शिवली होती. "इंजिनाच्या धगीनं एकतीस वर्षं पाय भाजले तुमचे," ती म्हणाली होती. "आता तरी मऊ लागू द्या."

आणि सोमवारपासूनच गाडी करकरायला लागली.

बुधवारी तिसऱ्या गिअरनंही मान टाकली. गॅरेजवाल्यानं ऑइल बदललं, बोनेट आपटलं आणि म्हणाला, "चाचा, मोठ्या गाडीचा हात हाय तुमचा. हिला जरा लाडानं घ्या."

हसीनाबीचं निदान वेगळं होतं. "अजून पाय भाजत असतील, म्हणून दचकतेत." तिनं गोधडीला आणखी एक पदर जोडला.

गुरुवारी आयुबमिया मोंढ्यापर्यंत पहिल्याच गिअरमध्ये गेले. कल्याणप्पा खिडकीला हात लावून शेजारून चालत होते, आणि गाडीला काही मागे टाकत नव्हते एवढंच.

"वाईट वाटून घेऊ नका आयुबभाई. पाव्हणे नवे हायत. दुसरी गाडी सांगू का?"

"शनवारपत्तुर थांबा," आयुबमिया म्हणाले. "मग तुम्ही म्हणाल तसं."

शनिवारी सकाळी, हळद लागायच्या आधी, शिवप्रिया आली. गाडी चालवायला ती आयुबचाचांकडूनच शिकली होती. "चाचा, किल्ली द्या," म्हणून तिनं चपला बाहेर काढल्या आणि क्लच दाबला. पाय गोधडीत रुतला. तिनं पुन्हा दाबला, वाकून बघितलं.

"चाचा, क्लच पुरा खालीच जात न्हाय. ही गोधडी मधी येतीय."

"हळू बोल," आयुबमियांनी घराच्या दाराकडं बघितलं.

"म्हंजे तुमाला ठाऊक हाय?"

"सोमवारीच कळलं."

"मग काढायची की."

"तीन महिने शिवत व्हती ती. जवळचं दिसत न्हाय आता तिला. टाके बोटानं चाचपून घातलेत. काढ म्हणून कसं सांगू?"

"आन लोक म्हणतेत, चाचाचा हात गेला."

"म्हणू दे. लोकांनी कुठं गोधडी शिवलीय?"

शिवप्रियानं उतरून चपला पायात सरकवल्या. मग तिनं दाराशी जाऊन हाक मारली.

"चाची, एक मागू का?"

"माग की गं बाय."

"ती खाकी गोधडी मला द्या. ह्या खाकीच्या मागं बसून धा वर्षं शाळंला गेले मी. सासरी न्यायचीय."

"अगं, पायाखालची हाय ती."

"झटकून द्या की."

हसीनाबीनं गोधडी तीनदा झटकली, घडी घातली आणि पदरानं डोळे पुसत आणून दिली.

रविवारी तुळजापूरच्या घाटात आयुबमियांनी किती वेळा गिअर बदलला, हे त्यांचं त्यांना ठाऊक. नवरी मुंडावळ्यांसकट झोपून गेली, शाळेला जाताना झोपायची तशीच. नवरदेव मात्र मांडीवर गोधडी घेऊन अणदूर येईपर्यंत ताठ बसून होता.

सोमवारी कल्याणप्पा कट्ट्यावरून म्हणाले, "हाताला तोड न्हाय तुमच्या. गाडीच बिघडली व्हती."

"व्हय, गाडीच," म्हणत आयुबमिया घरात आले. हसीनाबी शेवटच्या दोन खाकी पँटी उसवून बसली होती.

"ती पातळच झाली व्हती," ती म्हणाली. "आता चौपदरी करते."

आयुबमियांनी खिडकीतून गाडीकडं एकदा बघितलं. नवी गोधडी शिवून होईपर्यंत, तीन महिने तरी ती सुखात राहणार होती.

"कर," ते म्हणाले. तिच्याजवळ बसले, चष्मा लावला आणि तिच्या हातातली सुई घेऊन दोरा ओवला. नेढ्यातून तो पहिल्याच खेपेला गेला, जराही न अडखळता.