घुशीची मोजणी

त्र्यंबकरावांनी कापलेल्या भाताची उडवी रचली ती थेट खाडीच्या बांधाखाली. सरकारी मोजणीत वीस वर्षं साखळ्या ओढलेला माणूस! पेन्शन घेऊन कोलशेतला शेती करायला आला आणि आल्या दिवसापासून खाडीलाच शिकवायला लागला.

शेजारच्या शेतातली क्लेमेंटिना डोक्यावरचा भारा न उतरवताच थांबली.

"रावसाहेब, हितं नको. घुशींची बिळं बघा, सगळी वर टेकाडावर. खाली एक तरी हाय काय? आमी उडवी घालतो ती त्यांच्या बिळांच्या वर."

"म्हणजे घूस मला मोजणी शिकवणार?"

"तिला पेन्शन नाय ना. चुकली तर पोरं बुडतात तिची."

"मी दुर्बीण लावून पाहिलंय, बाई. भरतीचं पाणी इथून हातभर खाली राहतं!"

ते ऐकून क्लेमेंटिना इतकी हसली की भारा डोक्यावरून पडला.

उडवी रचली त्या रात्रीपासूनच घुशी उडवीतल्या लोंब्या पळवू लागल्या. घुशी तरी केवढ्या! कोलशेतची मांजरं त्यांना बघून बाजूला व्हायची. त्र्यंबकराव भडकले. त्यांनी टेकाडावरच्या बिळांत मिरच्यांची धुरी घातली आणि त्यांची तोंडं दगडांनी बुजवली. त्यांच्या बायकोला, मथुराबाईंना, दोन दिवस ठसका लागला. घुशी मात्र मागच्या तोंडांनी बाहेर पडून रांगेनं चढावर निघून गेल्या; पुढं म्हातारी, मागं पोरंटोरं, तोंडात लोंब्या.

"बघितलंस? पळाल्या!" राव ओरडले.

"पळाल्या, पण कुठं?" मथुराबाईंनी विचारलं.

"शत्रू कुठं पळाला हे विजयी माणूस विचारत नाही."

चार दिवसांनी कार्तिकी पुनवेचं उधाण आलं. भर दुपारी खाडी बांधावरून आत शिरली आणि हातभर खाली राहायचं सोडून छातीभर वर चढली. उडवी आधी डुलली, मग सुटली, मग होडीसारखी मुंब्र्याच्या दिशेनं निघाली. राव काठावरून हातात दुर्बीण घेऊन तिला बघत होते. दुर्बिणीतून ती फारच छान दिसत होती.

"कुठवर गेली?" क्लेमेंटिनानं टेकाडावरून विचारलं. तिची उडवी तिथं कोरडी ठणठणीत उभी होती.

वर्षाचं भात गेलं. त्यातच पुढच्या पेरणीचं बियाणंही गेलं. मथुराबाईंनी नवऱ्याच्या पानात नुसती भाकरी वाढली, तीही नाचणीची.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात चुलीमागची जमीन खचली. मथुराबाईंनी खुरप्यानं उकरलं तर आत एक मोठी खोली आणि त्या खोलीत लोंब्याच लोंब्या! देठ एकीकडे, दाणे एकीकडे, असे रचलेले की मोजणी खात्याच्या कपाटातही तेवढी शिस्त नसेल. टोपली भरून बियाणं निघालं. रावांचा वाडा टेकाडाच्याही वर, आणि वाड्यात सगळ्यात उंच जागा चुलीचीच. घुशींनी ती साखळीशिवाय शोधून काढली होती.

राव मिरच्या आणि शेगडी घेऊन धावत आले. "हटा! एकेकीला आता—"

मथुराबाई बिळापुढं खुरपं घेऊन उभ्या राहिल्या.

"खबरदार. तिच्यासाठी चार लोंब्या आत ठेवल्यात मी."

"अगं, घरात घूस ठेवणार तू?"

"बियाणं राखणारी आहे ती. घरातच राहील." त्यांनी पडवीकडे बोट केलं. "तुमचं अंथरूण तिकडं टाकलंय. दुर्बीणही तिथंच ठेवलीय, बघत बसा."