जंबो कोण होता?

बडनेऱ्यात एखाद्या गाडीवर ‘जंबो आलूबोंडा’ अशी पाटी दिसली की मनोहरभाऊ गाडीसमोर उभे राहतात आणि विचारतात, “जंबो कोण होता?” देह असा, की ते उभे राहिले की मागच्या गिऱ्हाइकांना कढईसुद्धा दिसत नाही.

“जंबो म्हंजे मोठा, भाऊ.”

“मोठा मंग झाला. आधी हत्ती होता. नाव होतं त्याचं.”

मग तेल जळेपर्यंत ऐकावं लागतं. आफ्रिकेत शिकाऱ्यांनी माय मारली, पिल्लू धरलं, विकत विकत विलायतेला नेलं. तिथं वर्षानुवर्षं लेकरांना पाठीवर फिरवायला लावलं. पुढे सर्कशीला विकलं, तिकडे रेल्वेनं उडवलं. “मेल्यावर बी सोडलं नाई! कातड्यात भुसा भरला, हाडं अलग मांडली. एका हत्तीचे दोन खेळ! अन् नाव उरलं ते तुह्या बोंड्याले.”

“बोंडा देऊ का मंग?”

“दे. बारका दे.”

पाचवीत इंग्रजीच्या मास्तरांनी ‘जंबो’चा अर्थ सांगताना मनोहरभाऊंना बाकावर उभं केलं होतं. वर्ग हसला. पन्नाशी आली तरी गाव हसतंच आहे. हत्तीच्या नावाचं माप झालं. या माणसाच्या मापाचं नाव झालं. दुकानावर ठळक पाटी आहे, ‘मनोहर भाजी भांडार’. तिच्याच खाली उभं राहून लोक म्हणतात, “जंबोभाऊ, पावशेर मिरच्या!” वर म्हणतात, गंमत आहे. गंमत करणाऱ्याला कधी काही लागत नाही, हेच तर गमतीचं सुख.

एकदा मी विचारलं, “पण भाऊ, जंबो हे त्याचं खरं नाव होतं का?”

“कायचं खरं! साहेबायनं ठेवलं. कुठून आणलं, त्याचा बी पक्का पत्ता नाई.” मग मेथीची जुडी झटकत म्हणाले, “त्याची माय त्याले काय म्हणून बोलवत असन रे?”

यंदा पावसात शाळेची व्हॅन नाल्यात घसरायला लागली. मनोहरभाऊंनी ती एकट्यानं मागून धरून ठेवली आणि शेवटचं लेकरू उतरेपर्यंत सोडली नाही. आमच्या गणेश मंडळानं सत्कार ठरवला. मंडळाची पत्रकं मीच लिहितो. मी मोठ्या अक्षरात ‘मनोहर’ छापलं. मनोहरभाऊंनी पत्रक दोनदा वाचलं. “माइकवर बी हेच म्हणतीन ना?” त्यांनी विचारलं. मी छातीठोकपणे हो म्हटलं. छापलेल्या शब्दावर माझा फार विश्वास.

सत्काराच्या संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांनी माइक घेतला. “आता येतीन आपले लाडके, जंबोभाऊ!”

टाळ्या पडल्या. मनोहरभाऊ पहिल्या रांगेत, एकात एक घातलेल्या दोन खुर्च्यांवर बसून राहिले.

“जंबोभाऊ, या ना!”

“ज्याले बोलवाचं त्याले त्याच्या नावानं बोलवा,” ते म्हणाले.

“क्रेन मांगवा रे!” मागून कोणीतरी ओरडलं. मांडव हसला. ज्यांची लेकरं त्या व्हॅनमध्ये होती, तेही हसले. मी “मनोहरभाऊ” म्हणून ओरडलो, ते त्या हसण्यात बुडालं. शेवटी अध्यक्षच खाली उतरले आणि शाल पांघरवून फोटो काढून मोकळे झाले. शाल एका खांद्यावरच संपली.

मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेलो. अध्यक्षांना शिव्या मीच देत होतो. कुलूप काढताना ते म्हणाले, “माय गेली त्याले पोळ्याले वर्ष झालं. मन्या म्हणे मले. आता घरात कोणी नाव घेत नाई.”

दार ढकलून ते माझ्याकडे वळले.

“एक काम कर. मी आत जातो. तू अंगणातून आवाज दे. माय देत होती तसा.”

ते आत गेले. माझ्या दुप्पट वयाच्या माणसाला अरेतुरे करायला जीभ उचलेना. तरी हाक मारली. “मन्या, ये रे जेवाले!”

मग त्या एवढ्या मोठ्या देहातून अगदी बारीक आवाज आला.

“आलो वं माय.”