भोपळ्याची सोयरीक

आमच्या शेजारचे सोपानकाका रोज सकाळी दिवस उगवायच्या टायमाला भोपळ्याचं लगीन लावतात. धोतर खोचून, टोपी नीट करून. एका वेलाचं फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आन् मधला पिवळा दांडा दुसऱ्या फुलाला अलगद घासायचा. वर म्हणायचं, "जमलं! नांदा आता."

मी पहिल्यांदा बघितलं तवा वाटलं, म्हातारं कामातून गेलं. बोललो बी तसंच. काकांनी मला वेलापाशी बसवलं.

"अंक्या, हा नर. नुसता देठ. ही मादी. फुलाच्या मागं इवलासा भोपळा हाय बघ. नराची पिवळी भुकटी लागली तर तो धरतो, न्हाईतर गळून जातो. हे काम मधमाश्या करायच्या. आता येईनात."

"मग तुमी माशी झालात का?"

"मी मध्यस्थ. माशी तू. खामखा घोंगावायलास."

काकांचं आयुष्यच मध्यस्थीत गेलं. ताडकळसच्या आजूबाजूला कितीतरी घरं त्यांनी जोडली. आता पोरींना नोकरीवालाच पायजे आन् पोरं मोबाइलवर पोरी धुंडायलेत. काकांना कुणी इचारीना. म्हणून सगळी हौस भोपळ्यावर. तिथं बी कायदा कडक. एकाच वेलाचे नर-मादी चालत न्हाईत. "भावकी हाय ती!" म्हणून नर आणायला पार बांधाच्या पल्याड जातात. उसाचा तर त्यांना भलता राग. "कांडी पुरली की झाला ऊस! ना नवरी, ना वरात. बापासारखाच लेक, लेकासारखाच नातू." मग माझ्याकडं बघत म्हणतात, "तू ऊस असतास तर बरं झालं असतं रं."

कारण मी पस्तिशीचा, बिनलग्नाचा. शाळेत गेलो ते खिचडी खायापुरता.

यंदा काकांनी हट्टच धरला. देवगाव फाट्याकडची एक पोरगी काढली. आईचे गुडघे धरलेले, म्हणून आमी दोघंच गेलो. बसमधी काका सारखं बजावायलेत, "कमी बोल. इचारलं तेवढंच."

पोहे आले, पोरगी बसली. मी कमीच बोलत होतो. पोरीच्या बापानं इचारलं, "शेतात काय लावलंय?"

"भोपळा."

तिथंच थांबायचं ना! पण म्हणलं, शिक्षण न्हाई तर न्हाई, अक्कल तरी दिसू द्यावी. नर कोणता, मादी कोणती, कुणाचं काय कुणाला घासायचं, सगळं हातवारे करून सांगितलं. पोरीच्या म्होरं. तिनं ओढणी तोंडात कोंबली. आत सैपाकघरात भांडं पडलं. बापानं कप खाली ठेवला.

"बसची वेळ झाली असंल तुमची."

परतीच्या बसमधी काका टोपी डोळ्यांवर ओढून बसले.

दुसऱ्या दिवशी पारावर गेलो तर कुणीच हसंना. उलट माझ्यासाठी हळहळायलेत. काकांनी सांगून टाकलं होतं, "नात्यातलं निघालं. आधीच बघायला पायजे होतं. चूक माझी."

आईच्या कानावर गेलं. ती काठी टेकत काकांच्या दारात, मी तिच्या मागं.

"भावजी, जिंदगी गेली सोयरिकी करण्यात, आन् एवढं कळंना? माझ्या लेकराला फुकट हिंडवलं!"

"चुकलंच, वयनी," काका मान खाली घालून म्हणले. मी तोंड उघडायला लागलो तर माझ्यावर डोळे वटारले.

आई गेली तवा म्हणलं, "काका, मी खरं सांगून टाकतो तिला."

"गप. नकार तुझ्या नावाला चिकटला तर पुढचा पाव्हणा दारात यायचा न्हाई. माझ्या नावाला आता कोन इचारतंय?"

मग त्यांनी चहा ठेवला. काकू गेल्यापास्नं घरात ते एकटेच. चहा कवाचा उकळला होता, पण मी उठायला लागलो की म्हणायचे, "थांब रं, अजून रंग यायचाय."