लग्नाच्या रजईतले परके टाके

"मर्गिलानमध्ये नाक सगळ्यांनाच आहे, वास मात्र फक्त मला येतो," अशी माझा हमराकुल मामा स्वतःची ओळख करून द्यायचा. "गुन्हेगार मला बघून रस्ता बदलतात. दगड माझ्यासमोर बोलतात. एकदा एका दगडाने कबुलीजबाबसुद्धा दिला होता, पण साक्षीदार नव्हता."

हे नाक त्याने आमच्या गावच्या रेशीम कारखान्याच्या फाटकावर कमावलं होतं. सुटीच्या वेळी तो बायकांच्या पिशव्या तपासायचा. त्याच्या कारकिर्दीत फाटकातून रेशमाचा एक धागा बाहेर गेला नाही. सगळं मागच्या भिंतीवरून गेलं. भिंत त्याच्या खात्यात येत नव्हती.

त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं प्रकरण माझ्या लग्नाच्या आठवड्यात, आमच्याच घरात घडलं. मदतनीस म्हणून त्याने मला नेमलं. नवरी असल्यामुळे मला दुसरं काही काम नसणार, असा त्याचा पहिला तर्क होता. तो चुकला. पुढचेही चुकले, पण क्रमाने सांगते.

बाबा गेल्यावर आईने मला एकटीने शिकवलं. मी शाळेत भूगोल शिकवायला लागले, तेव्हापासून ती खाटकाकडे गेली तरी आधी मुलगी काय शिकवते ते सांगायची आणि मग मटण मागायची. तिच्याबद्दल बोलताना मला अजून वर्तमानकाळच येतो. मग दुरुस्त करावा लागतो. माझ्या लग्नाच्या रजईसाठी तिने विणकराच्या मागासमोर बसून रेशमी अतलस निवडलं, कापूस स्वतः उन्हात घातला. पण दोरे घालायची वेळ आली तेव्हा ती उंबऱ्याशी उभी राहिली. आमच्याकडे लग्नाच्या रजईला सुई लावायची ती सवाष्ण, लेकुरवाळ्या बाईनेच. विधवेचा हात लागला तर संसार गारठतो म्हणतात. आईने चहा द्यायचा, दोरे पुरवायचे. सुई नाही.

दोरे घालणाऱ्या बायकांच्या म्होरक्या होत्या शेजारच्या खैरिनिसा मावशी. घरभर मुलं आणि नवरा हयात, एवढी त्यांची पात्रता होती. नवऱ्याचा उपयोग काय, हे कोणी विचारत नसे. सोमवारी दुपारी त्या एक कोपरा कोरा ठेवून घरी गेल्या. मंगळवारी सकाळी येऊन बघतात तर तो कोपरा अर्धा भरलेला! बारीक, एकसारखे टाके.

मावशींनी सुई खाली ठेवली. "यात परका हात शिरलाय."

"मावशी, उद्या मुलाकडचे रजई न्यायला येणार!" मी म्हणाले.

"मग अर्धीच न्या म्हणावं. हात कोणाचा ते कळल्याशिवाय मी पुढे एक टाका घालणार नाही. एखाद्या कपाळकरंटीचा असला तर? उद्या तुझ्या संसाराचं काही झालं की बोल मला लागायचे."

बाकीच्या बायकांनीही सुया ठेवल्या. अपुऱ्या रजईवर मुलगी पाठवली तर मोहल्ल्यात आईची मान कायमची खाली जाणार होती. तरी ती शांत होती. "होईल काहीतरी," म्हणाली आणि नान शेकायला गेली.

तेवढ्यात मामा आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"दादा, चहा घे आणि घरी जा," आई म्हणाली.

"सालोमत, प्रकरण गंभीर आहे. मी आल्यावर ते आणखी गंभीर होईल."

यात मात्र तो खरा ठरला. त्याने एक सळई घेतली आणि रजईत खुपसली.

"मामा, काय करतोस?"

"आत काहीतरी लपवलंय. हिरे, नकाशा, निदान चिठ्ठी."

आतून कापूस निघाला.

"बघितलंस, मुनिरा? नुसता कापूस! इतकी सफाई सराईत टोळीलाच जमते."

दुसरा संशय शेजारच्या अनोरखान काकूंवर गेला. त्यांनाही हा जावई हवा होता. मामाने भर गल्लीत विचारलं, "तुम्ही टाक्यांमध्ये मंत्र घालून नवरीचं नशीब बांधलंत का?"

"मला मंत्र येत असता," काकू म्हणाल्या, "तर तुझं तोंड पहिलं बांधलं असतं."

मामाने मान डोलावली. "तोंड बांधण्याची भाषा करते. अनुभवी दिसते."

परत येताना त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "पोरी, खरं सांग. रजई लवकर संपावी असं कोणाला वाटतं? ज्याला घाई आहे त्याला. घाई कोणाला आहे? नवरीला!"

"मला बटणसुद्धा लावता येत नाही, मामा."

"अजून कबुली देत नाहीस. चिवट आहेस. आईवर गेलीस."

घरी आलो तेव्हा खैरिनिसा मावशी अंगणातल्या कट्ट्यावर फुगून बसल्या होत्या. आई आतल्या खोलीतून किटली घेऊन लगबगीने बाहेर आली. मामा लोडाला टेकला आणि त्याने मुख्य सिद्धांत मांडला.

"टाके बारीक आहेत. कापूस जाड आहे. म्हणजे सुई बोटाने ढकलली तर बोट फाटणार. म्हणून गुन्हेगाराच्या बोटात शिवणाची टोपी, म्हणजे अंगुस्तान असणार! मुनिरा, आजपासून प्रत्येक बाईचं मधलं बोट बघायचं. अंगुस्तान दिसलं की पकडायचं."

असं म्हणून त्याने आईच्या हातातून पियाला घेतला. टिक्, असा आवाज झाला. आईच्या मधल्या बोटात पितळी अंगुस्तान होतं.

मी पाहिलं. आईने मी पाहिलेलं पाहिलं. मामाने चहात पाहिलं आणि साखर मागितली. मावशी हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. आता बोलले तर कपाळकरंटी म्हणून बोट आईकडे जाणार, नाही बोलले तर रजई राहणार. मी साखर आणायला उठले.

नेमकी तेव्हाच माझी होणारी सासू, मस्तुराबाई, दारातून आत आली. उद्या सामानाला एक गाडी पुरेल की ट्रक आणू, एवढंच विचारायला ती आली होती. आई पियाला घेऊन पुढे झाली. टिक्.

"विहीणबाई," मस्तुराबाई म्हणाली, "अंगुस्तान काढा आधी. बोट सुजेल."

"कोणी हलू नका!" मामा ओरडला. "अंगुस्तान? कुठाय?"

"सालोमत!" मावशींनी गालावर हात मारून घेतला. "तू? विधवा असून?"

"असून," आई म्हणाली. "आणि आधी तुझे टाके बघ. बेडकाने उड्या मारल्यासारखे! माझ्या मुलीच्या रजईवर लोकांनी हे बघायचं?" तिचा आवाज खणखणीत होता.

मस्तुराबाई सरळ आत गेली. आम्ही सगळे मागोमाग. तिने वाकून त्या कोपऱ्यावरून तळवा फिरवला. मी आईकडे पाहायचं टाळलं.

"रजई येणार आमच्याकडे. हिवाळ्यात पाय गारठणार ते आमच्या पोरांचे," ती म्हणाली. "हा कोपरा चांगला उबदार झालाय. उरलेलाही यांनीच भरावा."

"आणि उद्या काही झालं तर?" मावशी म्हणाल्या.

"तर बोल मला लावा. सासू आहे मी. नाहीतरी लागणारच आहेत."

"मला पहिल्या घोटापासून माहीत होतं," मामा म्हणाला. "मी पुरावा गोळा करत होतो."

"दादा," आई म्हणाली, "त्या सळईने पाडलेली भोकं आता कोण शिवणार?"

मामाला अचानक फाटकावरच्या मित्राची आठवण झाली आणि तो गेला.

आई रजईशी बसली. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत तिने रिळावरून दोरा ओढला, ओढतच राहिली, मग तोडून सुईत ओवला. मावशी थोडा वेळ मान फिरवून बसल्या. मग त्यांनी उजेड अडू नये म्हणून अंग चोरलं आणि आपली सुई उचलली.

"एवढा लांब दोरा?" त्या पुटपुटल्या. "आळशी बायका घेतात असला."

"असू दे," आई म्हणाली. "पोरीच्या संसाराचा आहे. लवकर संपायला नको."