पुरचुंडीत काय?

वेणूताईंच्या पोटातली गोष्ट काढून घेईल असा माणूस पनवेलात अजून जन्मायचा होता! असं खुद्द वेणूताईच सांगत, आणि दर चैत्रात सांगत. कारण त्यांच्या कुरडया कढईत पडल्या की मोगऱ्याच्या गजऱ्यासारख्या फुलत. गहू भिजल्यावर तिसऱ्या दिवशी वेणूताई त्या पाण्यात एका पुरचुंडीतलं चिमूटभर काहीतरी टाकत. काय, ते सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नव्हतं. समोरच्या चंद्रावतीनं त्यापायी अकरा वर्षं त्यांना हळदीकुंकवाचा पहिला मान दिला. फुकट!

त्या साली दारूबंदी कडक होती आणि हवालदार काशिराम नवे. गव्हाचा आंबूस वास आळीभर सुटला आणि काशिराम नाकामागोमाग थेट वेणूताईंच्या परसात! पंच म्हणून समोरचे दाजी, आणि दाजींच्या मागून, कुणी न बोलावता, त्यांची बायको चंद्रावती.

"बाई, हे काय आंबवलंय?"

"कुरडयांचे गहू! तुमच्या आईनं कधी केल्या नाहीत?"

"परवा आपटा गावात दारूची भट्टी धरली, तिथलेही कुरडयाच म्हणाले! आणि ही पुरचुंडी? दारूत घालायचा नवसागर दिसतोय!"

वेणूताईंनी झडप घालून पुरचुंडी मुठीत धरली. "नवसागर नाही."

"मग काय?"

"ते सांगायचं नाही."

"सरकारलासुद्धा?"

"अहो, मतदानाला सरकारनंच मला पडदा लावून दिला होता! माझं मत विचारलं नाही, मग मडकं का विचारतं?"

"मुद्दा बिनतोड आहे," दाजी म्हणाले.

"अहो, तुम्ही गप्प बसा!" चंद्रावती ओरडली. "आधी पुरचुंडी सुटू दे!"

"ती ठाण्यावर चार जणांसमोर सोडू," काशिराम म्हणाले. "चला."

चार जणांसमोर!  वेणूताईंनी हवालदारांना तुळशीमागे नेलं. "शब्द द्या. अक्षर बाहेर जाणार नाही."

"सरकारी शब्द!"

वेणूताई कानात कुजबुजल्या. इकडे चंद्रावतीनं मान एवढी लांबवली की तिचा पाय मोरीत गेला.

"एवढंच?" काशिरामांच्या भुवया टोपीला टेकल्या.

"हळू बोला!"

पंचनाम्यात लिहिलं गेलं : 'पुरचुंडीत नवसागर नाही. जे आहे ते गुप्त.' दाजींनी सही ठोकली. वेणूताई जिंकल्या!

आठ दिवसांनी त्या पोलीस लाइनीवरून बाजाराला निघाल्या आणि जागीच थिजल्या. बारा बिऱ्हाडं, बारा खाटा, खाटाखाटांवर कुरडया. पांढऱ्या शुभ्र! हुबेहूब त्यांच्याच कृतीच्या!

ठाण्याची पायरी त्यांनी वादळासारखी चढली. "हवालदार! शब्द दिला होतात!"

"पाळला की! बाहेर अक्षर नाही. फक्त बायकोला सांगितलं. बायको काय बाहेरची?"

"आणि बाकीची अकरा बिऱ्हाडं?"

"ती तिच्या खात्यातली, बाई."

"चोरी झाली माझी! तक्रार लिहा!"

काशिरामांनी टाक बुडवला. "लिहितो. चोरीस गेलेल्या मालाचं वर्णन सांगा. स्पष्ट, मोठ्यानं."

ठाण्यातले सगळे शिपाई जवळ सरकले. कोठडीतला पाकीटमारसुद्धा गजांना कान लावून उभा. आणि दारात चंद्रावती! तिची मान पुन्हा लांबवलेली.

वेणूताईंनी दाराकडे पाहिलं. "छत्री," त्या म्हणाल्या. "काळी. बाकदार मुठीची."

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी खरोखरच छत्री हुडकून घरपोच दिली. वेणूताईंना सही करून ती घ्यावीच लागली.

चंद्रावतीची होती.