बायकोचा भारा

सन सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात सयाजी पलटणीतून सुटून विट्याजवळच्या आपल्या गावी आला आणि आल्या आल्या बायकोच्या डोक्यावरचा वैरणीचा भारा त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतला. अंजना रिकाम्या हातांनी त्याच्या शेजारून गावात शिरली. तिला लाज वाटली. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

गावाने मात्र प्रकरण गांभीर्याने घेतलं. लढाईवरून आलेला माणूस दारू पितो, बायकोला झोडतो, एवढं गावाला मान्य होतं. सयाजी यातलं काहीच करीना. रॉकेलच्या दुकानापुढे सगळे एकमेकांच्या अंगावर चढत, तेव्हा हा मागे एकटाच रांग लावून उभा राही.

थोरल्या भावाने, हंबीररावाने, शेवटी साताऱ्याहून मनोविकारांचे तज्ज्ञ आगाशे डॉक्टर आणवले. चावडीत तपासणी झाली.

"बहुसंख्य लोक जे करत नाहीत, ते अपसामान्य वर्तन," डॉक्टरांनी शास्त्र सांगितलं. "गावात आणखी कोण बायकोचा भारा वाहतो?"

"कोण न्हाई," हंबीरराव म्हणाला.

"इतरांना त्याचा त्रास होतो?"

"लय. आमची कारभारीण इचारती, तुमचं डोस्कं काय निस्तं पटक्यासाठी हाय का."

डॉक्टर सयाजीकडे वळले. "तुम्हाला स्वतःला काही त्रास?"

"न्हाई. झ्याक हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. आपल्याला काही झालेलं नाही असं रोग्याला वाटणं, हेच तर मुख्य लक्षण. वेड्यांच्या इस्पितळात धाडावं लागेल, असं ते म्हणाले तेव्हा अंजना पुढे झाली.

"आवं डाक्टरसाब, त्यास्नी न्हेऊ नगा. मी आनते वळणावर."

महिन्याची मुदत मिळाली. अंजना रोज भारा स्वतःच उचलू लागली आणि नवऱ्याला पुढे चालायला लावू लागली. "जरा वरडा की माझ्यावर, शेजारी ऐकत्यात," म्हणून त्याच्या विनवण्या करू लागली. सयाजी पलटणीतला गडी, हुकूम मोडणं त्याला ठाऊक नव्हतं. आधी तो हळूच ओरडला. मग घसा मोकळा झाला. मग हातही. महिनाअखेर अंजना भाऱ्याखाली ठेचकाळून पडली, तर त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

डॉक्टरांनी त्याला ठणठणीत ठरवलं. हंबीररावाने पेढे वाटले. अंजना तेवढी खांबाला धरून उभी राहिली.

"डाक्टरसाब, आता त्यास्नी न्हेत न्हाई न्हवं?"

"मुळीच नाही."

"मग थोडं पयल्यावानी करता ईल का त्यास्नी? निदान चढावर तरी?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "शहाणा नवरा नको म्हणणारी दुसरी कुणी बाई आहे गावात?"

अंजनाने दाराशी जमलेल्या बायकांकडे पाहिलं. एकेकीने खाली बघत पदर सारखा केला. डॉक्टरांना अधिक काही विचारण्याची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी वेड्यांच्या इस्पितळाकडे नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीपर्यंत आपलं बोचकं अंजनाने स्वतःच डोक्यावर वाहिलं. सयाजी पुढे चालत होता. बघायला गाव लोटलं होतं. बोचकं घ्यायला एकाचाही हात पुढे झाला नाही, कारण गर्दीत सगळी तुमच्याआमच्यासारखी शहाणी माणसं होती.